आतडं सोडलं, काहील सोडली नाही

ज्याला दिवसातून पंधरा-वीस वेळा पळावं लागतं, त्याच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही, फक्त जेवताना वाचू नये.

मी वाढवून सांगतो हे मुरगूडपासून गारगोटीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मळ्यातला ऊस मी बोलता बोलता दरवर्षी एकेक फूट वाढवत आणलाय, आता तो विजेच्या तारांना लागतो. पण या लिखाणात रक्ताबद्दल जे काही येईल ते मी कमी करून लिहिलंय. आयुष्यात पहिल्यांदाच.

मी गुळव्या. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओतायचा, खालून जाळ लावायचा आणि दोन-अडीच तास आटवायचा. ‘झाला गूळ, उतरवा काहील’ असं सांगणारा जो एक माणूस असतो तो गुळव्या. लवकर सांगितलं तर गूळ धरत नाही, उशीर केला तर करपतो. मधला जो वेळ असतो तो पान जुळवून तोंडात टाकण्याइतकाही नसतो. त्याला यंत्र नाही, घड्याळ नाही. बोटं गार पाण्यात बुडवायची, उकळता पाक उचलायचा, पाण्यात टाकून गोळी वळते का बघायचं. तोवर सहा गडी काहिलीला हात घालायच्या तयारीत गुळव्याच्या तोंडाकडे बघत असतात. त्या क्षणी कलेक्टर आला तरी त्याला कोणी बस म्हणत नाही.

आणि नेमकी त्याच क्षणी माझ्या पोटात कळ यायची.

सगळ्यांची मूळव्याध

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. गावात मोबाईल नव्हते, पण कुणाला काय झालंय हे मोबाईलपेक्षा लवकर कळायचं. फक्त माझं कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही. शौचाला रक्त पडायला लागलं आणि मी स्वतःच ठरवलं की ही मूळव्याध. कोल्हापुरात एका बोळात ‘एका पुडीत गुण’ अशी पाटी लावलेला एक वैद्य होता, त्याच्या चाळीस पुड्या खाल्ल्या. सुरण इतका खाल्ला की आमच्या भागात बियाण्याला सुरण उरला नाही. पळणं मात्र वाढतच गेलं. आधी चार वेळा, मग आठ, मग मी मोजायचं सोडलं.

आमची सुशीला, म्हणजे माझी बायको, एक दिवस धुण्याच्या दगडावरनं तशीच ओल्या हातानं आत आली.

“हे काय हाय?”

“मूळव्याध.”

“किती दिस झालं?”

“हेच की, चार-आठ दिस.”

“लेंगं मी धुतो, तुमी न्हाय. दिवाळीपासनं हाय हे. तुमी कवा सांगतासा बघूया म्हणून गप बसलतो.”

मी तरीही हंगाम संपू दे म्हणालो. मग एक आधण, म्हणजे काहिलीभर रस, करपलं. गोळी वळत आली होती, अजून थोडा दम होता, आणि मला कळ आली. म्हटलं, गेलो आणि आलो. आलो तेव्हा काहिलीतनं काळा धूर निघत होता आणि सहा गडी तसेच उभे. गुळव्यानं सांगितल्याशिवाय काहिलीला हात लावायचा नाही, ही आमच्या गुऱ्हाळाची शिस्त. मीच लावलेली. गडी इमानी निघाले.

माझा थोरला भाऊ शिवाप्पा, त्याला सगळे अण्णा म्हणतात. गुऱ्हाळ आमचं दोघांचं. गिऱ्हाईक त्यानं बघायचं, काहील मी. तो करपलेल्या गुळाकडे बघत म्हणाला, “इऱ्या, कुठं मेलतास?”

मी तेव्हा खरं सांगायला पाहिजे होतं. “म्हस सुटलती,” म्हणालो.

“आपल्याकडं म्हस कुठाय मर्दा? इकून वरीस झालं.”

दुर्बिणीचा दिवस

सुशीलानं मला कोल्हापूरला नेलं. एसटीनं तासाभराचा रस्ता, मी तीन ठिकाणी गाडी थांबवली. तिसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, “पावणं, तुमी पुढं चालत चला, आम्ही मागनं येतो.”

दुर्बिणीच्या तपासणीबद्दल लोक फार घाबरवतात. दुर्बिणीचं काही नाही. आदल्या दिवशी पोट साफ व्हायला जे पाणी पाजतात ते खरं संकट, आणि आपल्याला तर त्याचा सराव असतो. तपासणी झाल्यावर मऊ आवाजाच्या डॉक्टरांनी सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा.

सुशीलानं विचारलं, “तिखटानं झालं?”

“नाही.”

“ह्यांच्या खोटं बोलण्यानं?”

डॉक्टर हसले. “त्यानंही नाही. कशानं होतं ते नक्की सांगता येत नाही.”

“मग बरं कवा होणार?”

“ताब्यात राहील. पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही.”

बाहेर पायरीवर बसून मी म्हणालो, हा डॉक्टर बदलू या. सुशीला म्हणाली, “डॉक्टर कशाला? कान बदला. त्यांनी सांगितलं ते ऐकू येत न्हाय तुमास्नी.” मग ती तोंडाला पदर लावून रडली. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी मला आजाराची भीती वाटली नाही, राग आला. माझ्या पोटात राहून हा माझ्या बायकोला रडवतो म्हणजे काय?

औषधांची रांग

पहिल्यांदा पिवळ्या-केशरी गोळ्या. दिवसाला आठ. लघवी काकवीच्या रंगाची झाली. तुम्हाला दिल्या आणि असा रंग दिसला तर घाबरू नका, डॉक्टरांना विचारा. मी घाबरून तीन दिवस अंथरुणाला खिळलो होतो. या गोळ्यांनी वर्षभर चांगलं गेलं. दवाखान्याच्या बाकावर माझ्याबरोबर बसणाऱ्या बऱ्याच जणांचं त्यांच्यावरच भागलं, त्यांना पुढचं काही बघावं लागलं नाही. तेव्हा माझं वाचून कुणी आपलंही तसंच होणार असं धरून चालू नये. मी हट्टी माणूस, माझं आतडंही हट्टी.

मग मागच्या बाजूनं घ्यायचं औषध. डाव्या कुशीवर पडून राहायचं आणि ते आत ठेवायचं. त्यात काय लाज? काहिलीच्या तोंडाला बसणाऱ्या माणसानं लाजून कसं चालेल? तरी मी महिनाभर दाराला कडी, कडीला दोरी आणि दोरीला खुर्ची लावत होतो.

मग दुखणं पुन्हा उसळलं आणि स्टेरॉइड आलं. हे औषध म्हणजे जादू, आणि जादूसारखंच फसवं. आठ दिवसांत रक्त थांबलं. भूक अशी लागली की सुशीला भाकरी थापायची आणि मी तव्यावरनंच उचलायचो. तोंड सुजून गोल झालं, गाल वर आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही औषधाची सूज आहे. पण आमच्या भागात गोल तोंड म्हणजे तब्येत! मुरगूडला एका लग्नात गेलो तर पन्नास माणसांनी पाठ थोपटली.

“काय तब्येत काढलीस लगा! काय खातोस?”

“गूळ,” मी म्हणायचो.

एवढ्या लोकांना मी बरा दिसत होतो, मग गोळ्या खाणारा मी एकटा शहाणा काय? एका सकाळी सगळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, सुशीलाला सांगितलं नाही. या सबंध लिखाणातनं एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: स्टेरॉइड स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. ते डॉक्टर पायरी-पायरीनं उतरवतात. मी गच्चीवरनं उडी मारली.

काही दिवसांतच चक्कर, ओकाऱ्या, मग रक्त. सुशीलानं औषधाची डबी उघडली, आत गोळ्या जशाच्या तशा. ती काही बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. आजारात बायको भांडत असली तर समजा सगळं ठीक आहे. ती गप्प बसली की सावध व्हा.

डॉक्टरांनी पुन्हा सावरलं आणि आणखी एक औषध सुरू केलं. ते हळूहळू लागू पडतं, पण त्यासाठी सारखं रक्त तपासावं लागतं. कुणाला वर्षानुवर्षं मानवतं. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की तेही थांबवावं लागलं. तोवर नवं शतक उजाडलं होतं आणि अण्णानं गारगोटीकडचा एक गुळव्या ठेवला होता. मी झाडाखाली बाजेवर पडून दुसऱ्या माणसाला माझ्या काहिलीत बोटं बुडवताना बघायचो. माणूस वाईट नव्हता. गूळही वाईट करत नव्हता. तेच जास्त लागायचं.

संडासाजवळचा पलंग

असे पाच हंगाम गेले आणि उन्हाळ्यात दुखणं असं उसळलं की कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात टाकावं लागलं. सलाईन, शिरेतनं स्टेरॉइड, तोंडानं काही नाही. तिथं सकाळी सहाला बल्ब लागायचा आणि सिस्टर चार्ट घेऊन यायची. केरळची बाई, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.

“काल किती वेळा?”

“चार.”

“चार्टवर अकरा आहेत.”

“मग विचारतासा कशाला?”

“तुम्ही कधी खरं बोलता ते बघते.”

त्याच सिस्टरनं कुणालातरी हलवून मला संडासाच्या दाराजवळचा पलंग मिळवून दिला. ज्याला हा आजार नाही त्याला त्या पलंगाची किंमत कळणार नाही. मला तर कुणी राजवाडा आणि तो पलंग यातलं एक निवड म्हटलं असतं तर राजवाड्यात संडास कुठाय हे आधी विचारलं असतं.

पाचव्या दिवशी सर्जनबाई आल्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील, पण आवाज असा की वॉर्डातले सगळे उठून बसले.

“औषधं चालत नाहीत. मोठं आतडं काढावं लागेल. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, त्यावर पिशवी लावायची. कायमची.”

“आनि न्हाय काढलं तर?”

“फुटेल. मग मी काही करू शकणार नाही.”

“मी पोटाला पिशवी बांधून जगणार न्हाय,” मी म्हणालो.

“उद्या सकाळपर्यंत विचार करा,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

अण्णा आला होता. तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “जीव वाचवायचा तर कर. पण इऱ्या, मग काहिलीवर न्हाय हं. पिशवीवाल्याच्या हातचा गूळ कोण खाईल? लोक तोंडावर बोलायचं न्हाईत, नुसतं दुसऱ्या गुऱ्हाळाला जातील.”

त्याचं चुकत होतं असं मी तेव्हा म्हणू शकलो नाही. माझ्याही मनात तेच होतं. आणि त्याहून एक मोठं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात लिंग बांधलं जातं ते मरेपर्यंत अंगावर. ते ठेवलेली माझी चांदीची डबी तेव्हा बेंबीपर्यंत लोंबायची. सर्जनबाईंनी जाता जाता पेनानं पोटावर पिशवीच्या जागेची जी खूण केली होती, तिच्यापासून दोन बोटांवर. पिशवी इथं आणि लिंग इथं? मी मनात ठरवून टाकलं होतं की मेलो तरी बेहत्तर.

अव्वा

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अव्वा आली. आमची आई. सत्तरी ओलांडलेली, निम्मं बोलणं कानडी, रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी घेत नाही. सोबत स्वतःच्या पाण्याचा तांब्या. तिला बघून अण्णाला हायसं वाटलं. त्याला वाटलं, आता आपलंच म्हणणं वजनदार होणार.

“काय ठरलं तम्मा?” तिनं विचारलं.

मी शर्ट वर केला. पेनाची खूण दाखवली, तिच्याजवळ लोंबणारी डबी दाखवली. बोलायला काही सुचलं नाही. आयुष्यात असं दोनदाच झालंय, आणि दुसरी वेळ पुढं सांगतो.

अव्वानं दोन्हीकडं नीट बघितलं. मग म्हणाली, “एवढंच व्हय?”

“अव्वा, विटाळ हाय की गं हा. कायमचा.”

“कुणी सांगितलं तुला? आपल्यात सुतक न्हाय, विटाळ न्हाय. तुझ्या वेळंला बाळंतीण होतो तवा बी पूजा केलो मी, पाचव्या दिसाला न्हवं, त्याच दिसाला. तुझा अप्पा गेला त्या दिशी बी केलो. अंगावर लिंग हाय म्हंजे अंग सोच्च हाय. ते तुझ्या पोटात काय हाय ते आधीपासनं बघालंय की.”

“पर ते पिशवीवर येतंय गं.”

“मग दोरा आखूड कर!”

ती उठली, माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला चार बोटांवर गाठ मारली आणि डबी छातीवर आणून ठेवली. मग अण्णाकडे वळली. “आनि तू रं? गिऱ्हाईकाचं भ्या घालतोस आजाऱ्याला? कूस बदलून दे त्याला आधी.”

अण्णानं कूस बदलून दिली. मी सही केली. सर्जनबाईंना म्हणालो, “आतडं तुमी ठेवा. मला नुसतं काहिलीवर उभं ऱ्हायला येईल एवढं शिवा.”

“उभे राहाल,” त्या म्हणाल्या. “पण जड उचलायचं नाही, आणि जाळापुढं पाणी आणि मीठ भरपूर.”

सरकार

पोटावरचं ते तोंड पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मान फिरवली. लाल, ओलं, डाळिंबाच्या कळीएवढं, आणि स्वतःच्या मनानं हलणारं. दुखत नाही, पण आपलं वाटत नाही. पहिल्या पंधरवड्यात पिशवी तीनदा निसटली. एकदा तर पाहुणे समोर बसलेले असताना. मी ते खोटा विनोद करून निभावलं आणि ते गेल्यावर न्हाणीघरात बसून पोरासारखा रडलो. हे लिहायचं नव्हतं, पण ज्याच्यावर आज ती वेळ आलीय त्यानं हे वाचावं म्हणून लिहिलं. दोन महिन्यांनी हात बसतो. माझं मी काढतो, धुतो, लावतो. त्या तोंडाला मी ‘सरकार’ म्हणतो. कधी काम करील सांगता येत नाही, आणि करायला लागलं की थांबत नाही.

एक गोष्ट मात्र झाली, आणि ती मी वाढवून सांगत नाही. कळ गेली. पोटात पीळ पडून घाम सुटणं, दार कुठाय ते शोधणं, सगळं गेलं. पिशवी भरते, मला सवड झाली की मी रिकामी करतो. इतकी वर्षं आतडं मालक होतं आणि मी गडी. आता मी मालक.

पहिलं आधण

दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं तसा मी जाऊन काहिलीपाशी उभा राहिलो. जाळापुढं घाम येतो आणि घामानं पिशवीचा चिकट भाग सुटतो, म्हणून सुशीलानं जुन्या पटक्याचा रुंद पट्टा शिवून दिला होता. गारगोटीचा गुळव्या बाजूला सरकला, भला माणूस. अण्णा पुढं आला.

“इऱ्या, गडी बघाल्यात.”

“बघू देत की.” मी शर्ट काढला. पट्टा, त्याखाली पिशवी, वर छातीवर लिंगाची डबी. गडी, रस प्यायला आलेले चार पाहुणे आणि रस्त्यानं जाणारा एक म्हातारा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “हे बघून घ्या. माझं मोठं आतडं कोल्हापुरात ऱ्हायलंय. हिथं पिशवी हाय. कुणाला वास आला तर आत्ता सांगा, आनि ज्याला हा गूळ नको त्यानं दुसऱ्या गुऱ्हाळाला जावा. मागनं कुजबुज केल्याली खपायची न्हाय.”

रस्त्यावरचा तो म्हातारा म्हणाला, “आतड्याचं ऱ्हाऊ दे, जाळ कमी पडालाय तुझा.”

जाळ वाढवला. रस उकळला, मळी काढली, फेस वर आला, बसला. अडीच तास मी जागचा हाललो नाही. मिठाचं पाणी तिथंच प्यालो. फुगे बारीक झाले, पाक जड झाला. बोटं गार पाण्यात, मग पाकात. गोळी वळेना. पुन्हा. वळायला लागली, पण अजून मऊ. ही तीच वेळ, माझी पळायची. पोट गप्प होतं. मी तिसऱ्यांदा बोटं घातली, गोळी टणक वळली, आणि तोंडातनं शब्दच फुटेना. दुसरी वेळ म्हणालो ती हीच. नुसता हात वर केला. सहा गड्यांनी काहील उतरवली, गूळ थंड करायच्या वाफ्यात पडला.

कोमट झाल्यावर पहिला तुकडा मालकानं चाखायचा. मी माझ्या हातानं तोडला आणि अण्णापुढं धरला. सगळे बघत होते. अण्णानं तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

“काय?” मी म्हणालो.

“जरा लवकर उतरवलास.”

“काय म्हणालास?”

“आनि जरा दम धरायला पायजे हुता. दाणा न्हाय म्हणावा तसा.”

“तुला दाण्यातलं काय कळतंय? मापाडी तू! गेली पाच वर्सं दुसऱ्याच्या हातचा चिखल खाऊन जीभ मेलीय तुझी!”

“माझी जीभ? आनि तुझी बोटं काय सोन्याची लागून गेल्यात व्हय?”

इतक्या वर्षांत माझ्या पोटाला सगळ्यांनी नावं ठेवली होती, गुळाला कुणी ठेवली नव्हती. गड्यांनी दुसऱ्या आधणाचा रस ओतला, खाली जाळ लागला, अव्वा लांबनं “गप बसा की रं” म्हणून ओरडून थकली. भांडण चांगलं तासभर चाललं. अण्णा मधे दोनदा पाणी प्यायला गेला.

मी जागचा हाललो नाही.